तीन हिस्से, दोन गुडघे

१२ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलायचे. फार तर पावसाळ्यापर्यंत थांबा. माहेरची भिवापूरची मिरचीची जमीन विकून माझ्या वाट्याचे पैसे आलेत, म्हणून मी निश्चिंत. पण आमच्या घरात पैसा नुसता पडून राहिलेला कुणाला बघवत नाही.

यांची सारी नोकरी कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत झाली, म्हणून यांना कोळशाचेच शेअर घ्यायचे. मुलाला, गौरांगला, बिटकॉइन. सूनबाईला, करिष्माला, सोलर कंपनी. भांडण मिटेना, मग माझ्या पैशांचे तीन हिस्से केले. "एक पडलं तरी दोन उभे राहतीन," हे म्हणाले. उभं राहण्याच्या गोष्टी, माझ्यासमोर!

२० फेब्रुवारी
रोज जेवताना वाद. हे म्हणतात, "कोळसा नसला तं तुह्यं कॉइन चालते कशावर?" करिष्मा म्हणते, "बाबा, पुढचा जमाना उन्हाचा हाय. अन् नागपुरात ऊन कमी हाय का?" गौरांग दोघांनाही अडाणी ठरवतो. सगळं माझ्या गुडघ्यांसाठी चाललंय म्हणे. पाणी मात्र मीच उठून आणते.

७ एप्रिल
परदेशात कुणी कर वाढवले आणि सकाळी बाजार कोसळला. टीव्हीवर कोळसा पडला – करिष्माच्या हातून तर्रीची वाटी सुटली. सोलर पडलं – गौरांगने पोह्यांची प्लेट सरकवली. बिटकॉइन पडलं, तसे हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

प्रत्येकाला दुसऱ्याचंच दुःख! इतकं प्रेम या घरात कधी नव्हतं.

८ एप्रिल
आज एकेकाला समोर बसवलं. भांडता भांडता प्रत्येकाला समोरच्याचं पटलं होतं. तसं म्हणायची लाज, म्हणून चोरून आपलं विकलं आणि दुसऱ्याचं घेतलं. यांनी बिटकॉइन, गौरांगने सोलर, करिष्माने कोळसा.

पण तिन्ही एकदम कसे पडले? गौरांग म्हणाला, "आई, लोकं घाबरले का सगळ्यायले रोख पायजे. मंग हाताशी जे असते ते विकते. कोळसा काय अन् कॉइन काय." म्हणजे ठेवले तीन ठिकाणी, पळाले एकाच दाराने.

मला रडू आलं. रागही आला, फार. ती जमीन माझ्या आईने राखली होती. करिष्मा माझे पाय चेपत राहिली. हे म्हणाले, "बाजार वर येऊ दे वं कुसुम, त्याच दिवशी विकतो. तुही शपथ."

३० एप्रिल
अजून खालीच. कूलरही बिघडला.

२३ जून
तिन्ही वर आले. दोन्ही गुडघे होऊन वर थोडे उरतील इतके. मी म्हटलं, डॉक्टरांची तारीख घेते. जन्मात पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं – "आता काहून विकाचं? आता तं वाढून राहिलं."

भाजी आणायची होती. जिना एकेका पायरीवर बसत उतरले.