पंगतीत अडकलेली पॅकेटं

राजापेठ, अमरावती

तीर्थरूप महादेवमामाले (वकीलसाहेब, अकोला) भाचा नितेशचा इथूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीची शुगर? माझी तब्येत ठीक, फक्त झोप नाही अन् बसल्या जागी पाय हलत राहते. फोनवरच बोललो असतो, पण आमच्या घरचा एकही फोन तुमी उचलत नाही, अन् वकील असल्यामुळे तोंडी काही मानतही नाही. म्हणून लेखी देऊन राहिलो.

मुद्द्याचं आधी सांगतो. दामिनीच्या घरच्यांनी रविवारपर्यंत लग्नाची तारीख मागितली आहे. आई म्हणते, पोराच्या मागे मामा उभा राहिल्याशिवाय अंतरपाट धरू देणार नाही. तुमी म्हणता, सूर्यभाननं (म्हणजे बाबांनी) आधी घरी येऊन बोलवावं. बाबा म्हणते, त्यानं आधी फोन करावा. दोन वर्षं झाली, दोघंही तयार अन् दोघंही बसून. मोनालीताईच्या साखरपुड्यात तुमच्या पानात वरण पडायच्या आत बाबांनी पंगतीले ‘घ्या’ म्हटलं, ते चुकलंच त्यायचं (हे पत्र त्यायले दाखवू नका). पण तुमी वाढलेल्या पानावरून उठले, तेही काही बरं केलं नाही (हे मामीले दाखवलं तरी चालेल).

त्या वरणानं माझं केवढं नुकसान केलं ते ऐका. एम.टेक.साठी म्या एक सिम्युलेटर लिहिला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा नकली कॉम्प्युटर. त्यातला प्रोसेसर मेमरीकडे सारख्या चिठ्ठ्या धाडत असते, त्यायले पॅकेट म्हणते. अमुक पत्त्यावरचं सामान आण, तमुक पत्त्यावर हे ठेव. उत्तरं कधी लवकर येते, कधी उशिरा, मागचं पुढं घुसते, अन् हा क्रम सांभाळायचं काम माझ्याकडे. आता मले क्रम म्हटलं की तुमचं त्या दिवशीचं लालबुंद तोंडच दिसते. म्हणून म्या नियमच टाकला, सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय कोणीच घास घ्यायचा नाही. एकूण एक उत्तर आल्याशिवाय प्रोसेसरले एकही द्यायचं नाही. (माझ्या गाईड गीतांजली मॅडम म्हणाल्या, असा नियम त्यांनी जन्मात कुठं वाचला नाही. त्या आपल्याकडे जेवायले कुठं आल्या होत्या!)

चालू केलं अन् मशीन ठप्प. बोंब नाही, तक्रार नाही, नुसतं बसून. तीन दिवस म्या राजापेठेत अशा येरझारा घातल्या की चहावाल्यानं विचारलं, घरचं कोणी दवाखान्यात आहे काय. झालं होतं असं की एक पॅकेट आपल्या आधीच्याच्या उत्तरासाठी अडलं होतं. ते उत्तर हाती पडल्याशिवाय हे पॅकेट निघत नव्हतं, अन् हे जाऊन परत आल्याशिवाय म्या कोणालेच काही देत नव्हतो. सगळी पंगत वाढलेल्या पानासमोर उपाशी. शेवटी दामिनी आली (इथंच एका क्लासमध्ये गणित शिकवते), दोन मिनिटं पाहिलं अन् म्हणे, “काहून अडवले बापा सगळे? एका पत्त्यावर जाणाऱ्यायचा नंबर तेवढा सांभाळ, बाकीच्यायले जेवू दे.” तसं केलं अन् मशीन पळतच सुटलं. मॅडम खूश झाल्या. मले मात्र रडू आलं मामा, खोटं नाही सांगत. मशीन सुटलं, अन् माझं लग्न अजून तिथंच बसून आहे.

मामीले नमस्कार. लिहितानाही पाय हलूनच राहिला, अक्षर समजून घ्या.

तुमचा,
नितेश

ता.क. पोस्टानं पाठवलं तर रविवार निघून जाईल, म्हणून पाकीट डिंकानं चिकटवून बाबांच्याच हाती धाडून राहिलो. त्यायले अकोल्यात बियाण्याचं काम आहे म्हणते (काही काम नाही, नवा सदरा घालून बियाणं कोण आणते?). आताच मले बजावलं, “मी काई त्याच्या घरी चाललो नाही. चिठ्ठी द्यायले चाललो.”

ता.क. दुसरा. उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नका असं म्या त्यायले सांगितलं आहे, त्यामुळं तुमी हे वाचून राहिले तोवर ते फाटकाबाहेर उन्हात उभे असतील. ते आत येणार नाही. तुमीही बोलावू नका, तुमचा शब्द राहू द्या. फक्त त्यायची बीपीची गोळी घ्यायची वेळ झाली असेल मामा, तेवढं पाणी घेऊन फाटकापर्यंत जा.