मोरचुदाने निळा झालेला खड्डा

आबा, रागातच लिहितेय. आज वर्गात बुरशी शिकवली आणि तुमच्यावरचा जुना राग पुन्हा वर आला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी धुळ्याच्या कॉलेजात फळ्यासमोर उभी राहून मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते.

कापूस निघाला की दरवर्षी तुम्ही पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी खोडं, पेटवायचात. धरणगावच्या रस्त्यावरून धूर दिसला की कळायचं, आपलंच शेत. जाळू नका, कुजू द्या, असं मी किती वर्षं म्हणत राहिले. तुम्ही म्हणायचात, त्यात बोंडअळी राहते. ते खोटं नव्हतं, म्हणून तर मी जास्तच चिडायचे. शेवटी एका उन्हाळ्यात तुम्ही कंटाळून म्हणालात, एक खड्डा भर, बाकीच्या शेताचं बोलू नको. मी बांधाजवळ खड्डा खणून घेतला, पऱ्हाट्यांचे तुकडे भरले, शेण कालवलं, कॉलेजातून आणलेली बुरशी त्यावर शिंपडली. श्रावणात तिथं कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. म्हणजे काम सुरू झालं होतं. छत्री हे नुसतं फळ. खरी बुरशी आत असते, बारीक पांढऱ्या धाग्यांनी लाकडात शिरलेली. ते कठीण लाकूड पचवून पुन्हा मातीला देणं तिच्याइतकं कुणालाच जमत नाही. आणि तुम्ही काय केलंत, तर पाठीवर पंप घेऊन अख्ख्या खड्ड्यावर बुरशी मारायचं मोरचूद मारलंत.

रविवारी मी येते तर खड्डा निळा, आणि तुम्ही शांतपणे पंप धुताय. शेजारच्या शेतातले नाना बांधावर बसलेले. त्यांच्यादेखत मी तुम्हाला अडाणी म्हटलं. तुम्ही पंपाचं झाकण लावलंत आणि आवाज न चढवता म्हणालात, "बुरशी म्हनजे रोग, हाई तूच माले वाचीसन दखाडं व्हतं."

खरं होतं ते. मी शाळेत असताना कपाशीला बुरशीने मर लागली, तेव्हा पुस्तकातला तो परिच्छेद मीच तुम्हाला वाचून दाखवला होता. तरीही मी चहा न घेता निघाले आणि दिवाळीपर्यंत बोलले नाही. दिवाळीत बोललो ते हवापाण्याचं. संक्रांतीच्या आधी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर मी खड्डा उकरला. वरचा थर टणक, होता तसाच. खाली, जिथं औषध पोहोचलंच नव्हतं, तिथं पऱ्हाट्या बोटांत चुरत होत्या, माती काळीभोर, पांढऱ्या धाग्यांनी विणलेली. दोन महिने थांबायचं होतं, आबा. फक्त दोन महिने.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक कबूल करते. वर्गात हे सगळं समजवायला मी पूर्ण तास घेते, कुणी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगते. तुम्हाला मी एवढंच सांगून गेले होते, की खड्ड्याला हात लावू नका.