वर्गाचा तंबोरा

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. सौ. कुमुद,

थोरली बहीण आहे, म्हणून आशीर्वाद.

अठ्ठेचाळीस साली आपण दोघींनी सोप्यात गायनवर्ग काढला, तेव्हा आपल्या अप्पांनी तंबोरा लावला तो तुझ्या पट्टीत. "कुमुदचा गळा उंच जातो. तू जमवून घे की," म्हणाले. मी घेतलं जमवून. तू लग्न होऊन पुण्याला गेलीस, रेडिओवर गायला लागलीस, तरी वर्गाची पट्टी तुझीच राहिली. पोरींना शिकवताना वरचा सा लावायला गेले, की माझा आवाज फाटतो.

रविवारी वर्गाचा वाढदिवस. पोरींच्या आया आत्तापासून विचारतात, "कुमुदताई येणार व्हय? मग यायलाच पायजे!" मी रोज इथंच गाते, तेव्हा ह्या आयांना सवड नसते.

आज सकाळी मी खुंट्या सैल केल्या आणि तंबोरा माझ्या पट्टीत लावला. वरचा सा असा लागला म्हणतेस! सुताराची शेवंता तोंडाकडं बघतच राहिली. म्हणाली, "बाई, एवढा आवाज कुठं ठेवलता?"

रविवारी तू गायला बसशील आणि तुझा हात आपसूक खुंट्यांकडे जाईल. तेव्हा मी म्हणेन, "राहू दे. ही वर्गाची पट्टी आहे." मग सगळ्यांच्या देखत तुला विचारावं लागेल, "अक्का, लावून घेऊ का?"

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुला आधी कळलं, तर येताना स्वतःचा तंबोरा घेऊन येशील.

तुझी,
अक्का