जामीन पुरुषच हवा

फेस शहर, ५ जानेवारी १९९८

ती. अल्लालदादास,
रकियाचा सलाम. वि. वि. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नका, पैसे मागत नाही.

तुम्ही दार लावून घेतलंत तेव्हा घिझलान आठ महिन्यांची होती. नवऱ्याने सोडलंय तर पोर त्याच्या घरी टाक, मग ये, असं म्हणालात. मी आले नाही. पहिला हिवाळा दर्ग्याच्या ओवरीत काढला, दुसरा हमामच्या लाकूडखोलीत. मग घरोघरच्या कच्च्या पावांच्या फळ्या डोक्यावरून मोहल्ल्याच्या भट्टीवर भाजायला पोचवू लागले. म्हाताऱ्या भट्टीवाल्या बा सालेमनी एक दिवस पाव आत सारायचं लांब दांड्याचं फावडं माझ्या हाती दिलं. सहा वर्षं भट्टी मीच चालवते, नाव तेवढं त्यांचं. आता दोन खोल्यांचं घर आहे. घिझलान वर्गात पहिली येते आणि तोंडाने वहिनींच्याही पुढे आहे.

बा सालेम आता भट्टी सोडताहेत. भट्टीच्या जागेचे कारभारी हाजी तय्यिब म्हणतात, बाईच्या नावावर करायची तर घरच्या पुरुषाने जामीन म्हणून सही द्यावी. माझ्या घरचा पुरुष तुम्हीच. पूर्वी केलात तेवढा लोभ पुन्हा एकदा करावा.
रकिया

सफ्रू, १० जानेवारी

चि. रकियास, अनेक दुआ.
पत्र पावलं. वहिनी वाचून रडली. तोंडाचं वाक्य मात्र तिला लागलंय.

परक्या पुरुषांसमोर तू आगीशी उभी असतेस, हे मला बाजारात ऐकवतात. पोर बापाची असते. त्याच्या घरच्यांनी दोनदा निरोप धाडला. तिला तिकडे पाठव, त्याच दिवशी सही करतो. हट्टाने कुणाचं भलं झालंय? तब्येतीस जप. तुझ्या काळजीत असलेला,
अल्लाल

फेस, १४ जानेवारी

ती. दादास सलाम, वि. वि.
हट्टाने माझं भलं झालंय. ओवरीत पोर थंडीने काळीनिळी पडली तेव्हा बापाच्या घरचं कुणी फिरकलं नाही. आता तिला चहा करता येतो, तर आठवण आली. सही नको.

हाजींनी भट्टी आपल्या भाच्याला दिली. मी पुन्हा फळ्या उचलते. बाजारात सांगा, मान माझी ताठ आहे. डोक्यावर फळी असली की ठेवावीच लागते. वहिनींना सलाम, पण वाक्य खरं होतं.
रकिया

सफ्रू, २६ जानेवारी

चि. रकियास दुआ.
सहीचा कागद सोबत आहे. अट नाही. तुझं पत्र वहिनीने मला मोठ्याने वाचायला लावलं आणि मग चार दिवस बोलली नाही. रोजा सोडताना सूपसुद्धा निमूट पुढे ठेवायची. तेव्हा मी दार उघडायला हवं होतं. घिझलान दिसायला कुणासारखी आहे?
अल्लाल

फेस, ३१ जानेवारी

ती. दादा आणि वहिनींस ईद मुबारक. वि. वि.
ईदच्या बिस्किटांच्या साठेक पराती परवा भट्टीवर आल्या. परातीवर नाव कुणी घालत नाही, भट्टीवाल्याने ओळखायचं असतं. भाच्याने त्या आकाराप्रमाणे रचल्या आणि जी हाती येईल ती दिली. वकिलीणबाईंची परात मोचिणीकडे गेली. वर्षानुवर्षं गाजलेल्या त्या बिस्किटांत बदाम औषधालाही नव्हता, हे रोजा सुटल्यावर सगळ्या गल्लीने चाखून पाहिलं. भांडण हाजींच्या दारात गेलं. रकियाला बोलवा, नाहीतर आम्ही इथून हलत नाही, असं बायांनी बजावलं.

मी गेले. म्हटलं, भट्टी आधी माझ्या नावावर, तीही जामिनाशिवाय, मग पराती. हाजींनी बायांकडे पाहिलं आणि सही केली. कोण कड चिमटते, कोण तीळ मोजून लावते, मला पाठ आहे. तासाभरात जिची परात तिच्या घरी गेली.

तुमचं पाकीट दुसऱ्या दिवशी आलं. पत्र वाचून मी रडले, खोटं कशाला सांगू. ते जपून ठेवलंय. सहीच्या कागदाने ईदची भट्टी पेटवली.

घिझलान कुणासारखी दिसते ते येऊन बघा. तिला तुमच्याबद्दल मी सगळं सांगितलंय, काही लपवलं नाही. प्रश्न ती स्वतः विचारणार आहे, तेव्हा तयारीने या. लोभ असू द्या, सही नको.
रकिया भट्टीवाली