थॉर्लेच्या भिंतीतलं लोखंड

ख्राइस्टचर्च, मंगळवार

प्रिय बाबा,

दीडशे वर्षांपूर्वी थॉर्ले नावाच्या आर्किटेक्टनं इथलं कॉलेज बांधलं. भूकंपात टिकावं म्हणून भिंतींत लोखंडी पट्ट्या घालायचा हट्ट धरला, कामाला उशीर झाला, म्हणून ट्रस्टींनी त्याला काढलं. पुन्हा त्याला कॉलेजचं काम मिळालं नाही.

गेल्या वर्षी इंजिनिअर म्हणून त्या इमारतीची तपासणी माझ्याकडे आली, तेव्हा मीही आधी ‘इमारत पाडा’ असंच लिहिलं होतं. मग गिलावा काढल्यावर त्या पट्ट्या दिसल्या आणि मी माझाच रिपोर्ट मागे घेतला. मॅनेजर म्हणाला, “पडली तर जबाबदारी तुझी.” वर्षभर धास्तीत होते.

आज सकाळी मोठा भूकंप झाला. इमारत उभी राहिली, तिच्या लायब्ररीतली सगळी मुलं सुखरूप बाहेर आली. मी फुटपाथवर बसून रडले, मग हसले.

हे पत्र पाठवणार नाही. भूकंप म्हटलं की तुम्ही ‘परत ये’ म्हणाल. संध्याकाळी फोनवर एवढंच सांगेन, “बाबा, आज काम छान झालं.”

तुमची,
ऋग्वेदा