दाजींची जागा

४ मे, रविवार

पोचलो एकदाचे! खोली बरी आहे. दोन खाटा, एक खिडकी, खाली पार्किंग. मी आणि दाजी एकत्र. दोन्ही गोलकीपर एकाच खोलीत, म्हणजे क्लबचा अख्खा गोल एका कुलपात.

ज्या देशांत फुटबॉल अजून रांगतंय, तिथल्या विजेत्या क्लबांचा हा कप. सगळे आमच्यासारखेच पोटापाण्याचं सांभाळून खेळणारे. वरच्या मजल्यावर कुठल्याशा देशाचे पोलीस उतरलेत, त्यामुळे जिन्यात सगळे शहाण्यासारखे चालतात. आम्ही पाणीपुरवठा खात्याचे — कोणी फिटर, कोणी मीटर बघणारा, दाजी पंपहाऊसवर.

नऊ वर्षं दाजी गोलात आणि मी बाकावर. ताईचं लग्न त्यांच्याशी झालं तेव्हापासून टीममध्ये मी 'वारसदार'! गेल्या वर्षी त्यांचा खांदा दुखत होता, ते मी कोचना सांगितलं. खरंच दुखत होता. तर कोच सगळ्यांसमोर म्हणाले, "तू तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसलायस!" अजून हसतात सगळे. मीही हसतो. पण आत जळतं.

दाजींची ही शेवटची स्पर्धा. आजवर आपणहून मैदानाबाहेर आले नाहीत कधी. म्हणतात, "कोणी ओढून काढलं तर निघेन. माझ्या पायांनी नाही."

५ मे, सोमवार

पहिला सामना बरोबरीत. शेवटी शेवटी दाजी त्यांच्या स्ट्रायकरच्या पायात घुसले आणि त्याचा गुडघा कानशिलावर बसला. आवाज बाकापर्यंत आला! उठले तेव्हा बॉल छातीशी घट्ट. सगळे नाचले. मी नकळत ग्लोव्ह्ज चढवून उभा राहिलो होतो — लाज वाटली, काढून ठेवले.

जेवताना दाजींनी हळूच विचारलं मला, "आपण जिंकलो ना रे?"

६ मे, मंगळवार

दाजी पडदे ओढून दिवसभर पडून. सकाळी नळ सोडून ओकले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मग म्हणाले, "बॉल दोन दोन दिसतायत."

"मग धरायचा कुठला?"

"डावीकडचा. उजवीकडचा तुझा!"

हसलो दोघंही. मग कोणालाच हसू येईना. "तुला सांगून ठेवलं हं," म्हणाले.

७ मे, बुधवार

टीमच्या डॉक्टरने सगळ्यांना तपासलं. दाजींना विचारलं, "डोकं दुखतंय? उलटी वगैरे?" दाजी म्हणाले, "छे!" आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होते. गप्प बस म्हणत असणार. बसलो. डॉक्टरने पाठ थोपटून सोडलं.

परत येताना माझ्याशी एक शब्द नाही. गप्प राहिलो तरी माझ्यावरच राग!

८ मे, गुरुवार

२-१. फायनल!! पण जो गोल खाल्ला तो अगदी हातातला होता. दाजींनी बॉलशेजारची हवा धरली. कोच म्हणाले, "ऊन डोळ्यांवर आलं असेल." आभाळ गच्च भरलेलं होतं.

९ मे, शुक्रवार

दाजींनी विचारलं, "कोणाला काही बोललास?"

"नाही दाजी. शपथ!"

"डॉक्टरला? कोचला?"

"कोणालाच नाही."

"बरं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. मी चहाडी करेन याची किती धास्ती घेतलीय! मला एवढं हलकं समजतात.

१० मे, शनिवार

ताईचा फोन. "यांच्याशी आत्ताच बोलले. तू आहेस ना तिथे? तू बघशील ना?" म्हटलं, "बघतो गं." तिने तेच परत विचारलं. फोन ठेवला आणि तडक कोचच्या खोलीकडे गेलो. सांगायचंच ठरवलं होतं. हात दारापर्यंत गेला होता. आतून कॅप्टनचा आवाज — "आज वारसदाराला काही झोप लागायची नाही!" आणि मग सगळ्यांचं खिदळणं.

फायनल आली तेव्हाच बरोबर दाजींचं डोकं आठवलं याला, असंच म्हणणार सगळे. जन्मभर म्हणतील. ताईचं सासर काय म्हणेल? परत फिरलो. एकच सामना राहिलाय. निभेल.

११ मे, रविवार

निभलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये क्रॉस आला. दाजी उडाले आणि आमच्याच डिफेंडरच्या डोक्यावर डोकं आपटलं. तसा साधाच धक्का. उठले, चालायला लागले — गोलाकडे नाही, भलतीकडेच. मग खाली बसले. मग आडवे झाले. स्ट्रेचर माझ्या समोरून गेलं. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

मला आत पाठवलं. १-० जिंकलो. मी दोन चांगले वाचवले. लिहू नये, पण वाचवले. कोणीतरी कप हातात दिला. कॅप्टन म्हणाला, "घे वारसदार!" आणि आपण काय बोललो ते कळून त्याचाच चेहरा पडला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टरला सगळं सांगितलं. नळ, उलट्या, दोन बॉल. त्याने एवढंच विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" डोक्यात रक्त साचलंय म्हणे. ऑपरेशन चालू आहे.

१३ मे, मंगळवार

दाजी गेले.

२ जून, सोमवार

आज ताईला सगळं सांगितलं. ती मारेल, घराबाहेर काढेल, या तयारीनेच गेलो होतो. दाजींचा पंपहाऊसला न्यायचा डबा घासत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "माहितीये मला. फायनलच्या आदल्या दिवशी ह्यांनी सांगितलं. मी म्हटलं, अहो, कोचना सांगा ना! तर म्हणाले, 'माझ्याच्याने नाही होत गं. पण तुझ्या भावाला सांगून ठेवलंय. माझी जागा त्याला हवीच आहे. तो बोलेलच.'"