तिसऱ्या उंचवट्यावरचा झेंडा

१४ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

माझं पत्र बघून तुला आधी धडकीच भरली असेल. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितोय.

भिंगरी परवा संमतीपत्र घेऊन आली. म्हणाली, "मामा, आई म्हणते, ट्रॅक आता सुरक्षित आहे असं तू सांगितलंस तरच सही." लेकीला सतरा पूर्ण झाली, मांडीत सळई आहे, तरी मोटारसायकलचं वेड तसूभर कमी नाही. कुणावर गेलीय ते मी सांगायला नको.

तर ऐक. कडेचे लाकडी खांब काढले, तिथे टायर रचले. शर्यतीआधी माती भिजवतो, धुळीत समोरचा दिसत नाही असं आता होत नाही. मानेचा पट्टा नसेल तर फाटकातूनच परत. परवा एक काकाच अडले, "माझी मान, माझी मर्जी" म्हणाले. त्यांना म्हटलं, मान तुमची, ट्रॅक आमचा.

हे सगळं खरं आहे, पण मी नमनालाच घडाभर तेल घालतोय. तू ओळखलं असशीलच.

तिसऱ्या उंचवट्यावरून गाडी उडते तेव्हा पलीकडे कोण पडलंय ते मागच्याला दिसत नाही. म्हणून तिथे झेंडेवाला उभा असतो. कुणी पडलं की त्याने जागचं हलायचं नाही, पिवळा झेंडा हलवत राहायचं. भिंगरीच्या अपघाताच्या दिवशी तिथे मी होतो. भिंगरी पडली आणि ताई, मी झेंडा टाकून तिच्याकडे धावलो.

ती उठत होती गं. नुसतं खरचटलं होतं. मी चार पावलांवर असताना मागून तो चष्मेवाला मुलगा उडी मारून आला आणि त्याचं चाक तिच्या मांडीवर आलं.

तो सगळ्यांना सांगत होता, झेंडा नव्हता. समितीने मला विचारलं. मी म्हटलं, होता.

त्याला वर्षभर बंदी झाली. तो फळं घेऊन दवाखान्यात आला तेव्हा तू दारातच त्याला नाही नाही ते बोललीस. मी शेजारी उभा होतो. मान खाली घालून तो सगळं ऐकून घेत होता, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. त्या दिवसापासून मला माझी लाज वाटते.

तू मात्र माझ्या शब्दावर सही करणार म्हणालीस. मग राहवलं नाही. काल समितीपुढे सगळं सांगितलं, मग त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "काका, मी पण धावलोच असतो."

आता प्रत्येक उंचवट्यावर दोघं असतील, एक झेंड्याला, एक धावायला. आणि ज्याच्या घरचं कुणी ट्रॅकवर आहे, त्याच्या हाती त्या दिवशी झेंडा नाही. हा नियम मीच सुचवला. त्यामुळे भिंगरी उतरलीच तर मी फाटकावर पट्टे तपासत असेन.

तिसऱ्या उंचवट्यावर तोच उभा राहणार आहे. समितीने त्याची बंदी कालच उठवली, पण गाडीवर बसायचं त्याचं मन होत नाही. झेंडा त्याने स्वतःहून मागून घेतला.

सही माझ्या शब्दावर करू नकोस. पुढच्या रविवारी सकाळी सराव आहे, तू ये. त्याला उभं असलेलं बघ, त्याच्याशी दोन शब्द बोल आणि मग ठरव. नाही म्हणालीस तर भिंगरीची समजूत मी काढीन.

माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर बघू. आधी त्याच्याशी बोल.

ज्याच्या शब्दावर तू आजवर कधीच शंका घेतली नाहीस, तो
तुझा धाकटा